माशीचं काम

रविवारी कोशिंबीर करण्याचं काम श्यामसुंदर कर्णिककडे होतं. वाशीला राहायला आल्यापासून अरुणानं ही पद्धत पाडली होती आणि बिल्डिंगमधल्या बायकांना ती हे अशा सुरात सांगायची, की जणू नवरा नव्हे, एखादं कुत्रं पुढचा पाय द्यायला शिकलं आहे. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, पंच्याऐंशी साली, त्यानं टोपलीतली काकडी उचलली आणि हसला. एका टोकाला मुठीएवढी फुगलेली, दुसऱ्या टोकाला उंदराच्या शेपटीसारखी निमुळती, मधेच वाकलेली. ऑफिसातल्या एकदोघांची आठवण यावी असा आकार. त्यानं ती उभी चिरली आणि सुरी तशीच हातात राहिली. फुगलेल्या टोकात बिया भरलेल्या होत्या. निमुळत्या टोकाकडे बियांची नुसती जागा होती. पांढरी, पातळ, रिकामी टरफलं ओळीनं बसलेली. त्यानं दुसरी चिरली. तिसरी चिरली. तसंच. "काय झालं? अळी निघाली का?" अरुणानं विचारलं. "नाही. बिया नाहीत." "मग बरंच की. दातांत अडकत नाहीत," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली. त्याला तिची कीव आली, मग राग आला, मग ती सवयीची तुच्छता आली जी त्याला घरात, जिन्यात, बसस्टॉपवर, कुठेही चटकन येत असे. या लोकांना बी नसलेली काकडी म्हणजे सोय वाटते. गॅलरीत उभे राहून हे लोक छाती भरून श्वास घेतात आणि गिरगावातून आलेल्या पाहुण्यांना म्हणतात, बघा, हवा कशी आहे. आणि त्याच वेळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतून जे काही सुटत असतं ते त्यांच्या नाकात शिरत असतं. त्याला तो वास ओळखता येत असे. त्यातला एक वास त्याच्याच कंपनीचा होता.

काकड्या दाराशी घेऊन आली होती ती शिरवण्याची सुंदराबाई. आठवड्यातून दोनदा ती डोक्यावर टोपली घेऊन जिने चढायची. सकाळी अरुणानं नाक मुरडलं तेव्हा तो आत दाढी करत होता आणि त्यानं ते अर्धवट ऐकलं होतं. "सुंदराबाई, हे काय आणलंत? ही काकडी आहे की हुक?" आणि सुंदराबाईचा थकलेला, तरी न वाकलेला आवाज: "यंदा आशीच येते, बाय. फुला येतात नि गलून जातात. जी धरते ती आशी. घ्यायची तं घ्या." घ्यायची तर घ्या. त्या वेळी त्याला ते उद्धट वाटलं होतं. आता ओट्यापाशी तीन चिरलेल्या काकड्यांसमोर उभं राहताना त्याला कळलं, की काकडी वाकडी का होते हे वाशीच्या या अख्ख्या सेक्टरमध्ये फक्त त्याला ठाऊक आहे, आणि ते त्याला चौदा वर्षांपूर्वी परीक्षेत दहा गुणांना विचारलं होतं.

दहापैकी नऊ मिळाले होते. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणारे दिनानाथ सर. त्यांना मुलं मागून 'माशीमास्तर' म्हणत. बुटके, कोटाच्या बाहीला मेण लागलेले, बोटं सतत सुजलेली. कॉलेजच्या मागच्या आवारात त्यांच्या पेट्या होत्या, सातेरी मधमाश्यांच्या. धुराचा पंपसुद्धा न घेता ते उघड्या हातानं चौकट वर काढायचे आणि माश्यांनी लडबडलेला हात मुलांपुढे धरून म्हणायचे, "काकडीच्या मादीफुलावर माशी आठदहा वेळा तरी येऊन बसावी लागते. दोनदाच बसली तर अर्धं फळ. एकदाही नाही बसली तर फूल गळतं. एवढंच लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल." श्यामसुंदर बाकी सगळं लक्षात ठेवून एवढंच विसरला होता. सरांचा तो लाडका विद्यार्थी होता आणि सरांचा त्याला मनातून तिटकारा होता. त्यांच्या फाटक्या चपलांचा, त्यांच्या समाधानाचा, माश्यांशी बोलताना बदलणाऱ्या त्यांच्या आवाजाचा. या माणसासारखं व्हायचं नाही, हे त्यानं तिसऱ्या वर्षीच ठरवलं. माश्यांच्या खात्यात जागा नव्हत्या. किडे मारणाऱ्या कारखान्यांत होत्या. पदवी तीच, पुस्तक तेच. फक्त शेवटून वाचायचं.

आणि मग ऐंशी सालची ती सकाळ. ती त्याच्याकडे हळूहळू आली नाही. त्या रविवारी दुपारी तो जेवून आडवा झाला आणि ती सबंध छातीवर येऊन बसली. शिरवण्यातलं देवळासमोरचं अंगण, कंपनीची जीप, जीपवर कर्णा, कीडनाशक भुकटीची फुकट वाटायची पाकिटं. नऊ वाजले होते. भुकटी उडवायचं हातयंत्र गळ्यात अडकवून तो गोटीरामच्या, म्हणजे सुंदराबाईच्या नवऱ्याच्या, काकडीच्या वाडीत शिरला. वेलांवर पिवळी फुलं टक्क उघडी होती आणि वाडी गुणगुणत होती. हो, गुणगुणत होती. तो आवाज त्याला आता वाशीच्या पंख्याखाली ऐकू आला. फुलं उमललेली असताना ही भुकटी मारायची नसते. मारायचीच तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. हे त्याला माहीत होतं. पण संध्याकाळी जीप मिळत नव्हती आणि वरच्या साहेबांना, नंदकुमारांना, जेवायला परत जायचं होतं. इंग्रजी पत्रकावर ते बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. मराठी पत्रक त्यानंच लिहिलं आणि नंदकुमार साहेबांनी, 'एवढं कोण वाचतंय, जागा कमी आहे,' म्हटल्यावर ती ओळ त्यानंच खोडली. तरीही गोटीरामनं विचारलं होतं. उंच, काळा, कानात भिकबाळीसारखं काहीतरी घातलेला तो माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "सायेब, फुलांवं मदाच्या माशा येतात. त्याना काय व्हनार नाय ना?" एक क्षण होता. त्या क्षणात खरं सांगता आलं असतं. श्यामसुंदरनं गर्दीकडे पाहिलं, त्या लंगोट्या, ती लुगडी, ते विडीचे धूर, आणि त्याला वाटलं, यांना काय कळणार आहे. "काका, माशी ती माशीच," तो हसून म्हणाला. "कमी झाली तर जेवणावर बसणार नाही!" सगळे हसले. गोटीरामही हसला, जरा उशिरा. परतताना जीपमध्ये नंदकुमार साहेबांनी त्याच्या मांडीवर थाप मारली होती. "कर्णिक, तुमच्याकडे लोकांशी बोलायची कला आहे." त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटलेलं आठवलं तेव्हा त्याला पलंगावरून उठून बसावं लागलं.

सोमवारी त्यानं नंदकुमार साहेबांच्या केबिनमध्ये तो विषय काढला. का काढला, हे त्याला सांगता आलं नसतं. कदाचित कोणीतरी त्याला 'असं काही नसतं' म्हणावं म्हणून. साहेब गुबगुबीत झाले होते, केस काळे करत होते. "फळधारणा कमी होतेय म्हणतोस?" त्यांचे डोळे चमकले. "शेतकरी तक्रार करताहेत?" "तक्रार नाही. पण काकडीची फुलं—" "अरे मग उत्तमच! आपलं नवं टॉनिक तेच तर आहे. फळधारणेसाठी. शिरवण्यात ट्रायलला बाटल्या पाठवतो." श्यामसुंदर त्यांच्याकडे बघत राहिला. या माणसाला लबाड म्हणणंसुद्धा त्याचा मान वाढवणं होतं. लबाडीला निदान दोन बाजू माहीत असाव्या लागतात. याला एकच बाजू होती, आणि ती गुळगुळीत होती. "माश्या मेल्यात, साहेब," तो म्हणाला. "कुठल्या माश्या?" साहेबांनी विचारलं, आणि ते नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी उजाडायच्या सुमारास तो स्कूटर घेऊन शिरवण्याला गेला. जीपशिवाय तो त्या गावात पहिल्यांदाच जात होता. कारखान्यांच्या शेडमागून वाट उतरत होती. जमीन सरकारजमा झालेली होती, जागोजाग आकडे घातलेले दगड पुरलेले होते, आणि त्या दगडांच्या मधे लोक अजून भात काढल्यावर काकडी लावत होते, जणू ते दगड कोणीतरी विसरून गेलेलं सामान आहे. सुंदराबाई वेलांना पाणी घालत होती. त्याला पाहून ती दचकली. "बाय बोलल्या का काय काकरीवरना?" "नाही, नाही. मी... सहज. बघायला आलो." "काय बगायला?" तो बांधावर बसला. गोटीराम खोपटातून बाहेर आला, त्यानं ओळखलं की नाही कळलं नाही. त्यानं एक पोतं आणून बसायला दिलं आणि विडी पेटवली. सूर्य पारसिकच्या डोंगरावर आला आणि फुलं उघडली. पिवळीजर्द, शेकड्यांनी. प्रत्येक मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी, केसाळ, हिरवी, तयार. श्यामसुंदर बघत राहिला. सात वाजले. मुंग्या होत्या. साडेसात. एक निळी माशी आली, फुलावर बसली, पाय चोळले आणि गेली. एक काळा भुंगा मोठ्या आवाजात आला, वरूनच गेला. आठ. फुलं उघडी होती. नऊपर्यंत तो त्या वाडीत बसून राहिला आणि एकही सातेरी माशी आली नाही. त्याला सर्वांत असह्य झाली ती शांतता. कारखान्याची घरघर होती, रस्त्यावरचे ट्रक होते, कावळे होते, तरी ती वाडी बहिरी झाल्यासारखी वाटत होती. कॉलेजात असताना तो गुणगुणाट त्याला कंटाळवाणा वाटायचा, वर्गात डुलकी लावायला चांगला. तो थांबल्यावर कसं वाटतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"माश्या येत नाहीत," तो अखेर म्हणाला. "नाय येत," गोटीराम म्हणाला. "त्यो बांधावं उंबर व्हता मोटा, त्याच्या ढोलीत त्यांचा पोला व्हता. रस्त्यात गेला उंबर." श्यामसुंदरला एकदम हलकं वाटलं. म्हणजे रस्ता. म्हणजे सरकार. म्हणजे उंबर तोडणारा कोणीतरी कंत्राटदार. आपण एकटेच नाही. हे हलकेपण त्यानं दोन क्षण भोगलं आणि मग त्याला स्वतःची इतकी किळस आली, की तो जवळजवळ ओरडलाच, "उंबरामुळे नाही फक्त. पावडरीमुळे. ती मी मारली होती. ऐंशी साली. सकाळी. तुम्ही विचारलं होतंत मला." आपण काहीतरी मोठं बोललो असं त्याला वाटलं. गोटीरामनं विडीची राख झाडली. "आमाना ठावं हाय," तो म्हणाला. "काय?" "पयल्याच साली कललां. येलांखाली पराल्या व्हत्या. सुक्या जवल्यासारक्या. हिनी झारून काराल्या." सुंदराबाई पाणी घालता घालता थांबली नव्हती. "मग पुन्हा का मारलीत? दरवर्षी पाकिटं न्यायचात तुम्ही!" "किरा मरत व्हता ना. नि तुमी हसून सांगलाव." गोटीरामचा आवाज अगदी सपाट होता. "शिकलेला मानूस हसून सांगतो, म्हंजे त्याला ठावं आसंल. माशा गेल्या तं त्यांच्या जागी कंपनी कायतरी दुसरा धारंल, मी हिला बोल्लो. चार वरसं वाट बगली."

श्यामसुंदरनं त्याच्या चेहऱ्यावर तुच्छता शोधली. ती सापडली असती तर बरं झालं असतं. तिच्याशी त्याचा रोजचा परिचय होता. ती नव्हती. तो माणूस पावसाबद्दल किंवा भरतीबद्दल सांगावं तसं सांगत होता. शिकलेला माणूस हसून सांगतो, म्हणजे. आयुष्यात कोणी इतका विश्वास त्याच्यावर टाकला नव्हता, अरुणानं नाही, साहेबांनी नाही. आणि ज्यांनी टाकला त्यांना तो लंगोट्यांची गर्दी समजला होता. तो उठला, वेलावरचं एक नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलात नेऊन टेकवला. "असं करायचं," तो सुंदराबाईला म्हणाला. "उन्हं चढायच्या आत. रोज. ज्या फुलामागे छोटी काकडी आहे, फक्त त्याच फुलात." सुंदराबाईनं कळशी खाली ठेवली आणि जवळ येऊन पाहिलं. "म्हंजे माशीचा काम आता मानसानी करायचा?" "हो." "नि मानसाचा काम कोन करनार?" त्यानं दुसरं फूल घेतलं, जरा जोरात टेकवलं, आणि मादीफूल देठापासून तुटून त्याच्या हातात आलं. तिसऱ्याला तेच झालं. "सोरा तुमी," ती म्हणाली. "कागुद धरायचे हात हायत तुमचे." आणि तिनं वाकून, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात फूल अल्लाद धरून, जणू बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढते आहे अशा हातानं, ते काम केलं. एक, दोन, पाच. तो बघत राहिला.

त्यानंतर तीन आठवडे तो रोज ऑफिसच्या आधी शिरवण्याला गेला. सुंदराबाईनं जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या फाडून तिनं केलेल्या फुलांना बांधल्या. त्याच्या फुलांना त्यानं पांढरा दोरा बांधला. पांढऱ्या दोऱ्यांपैकी बरेच चारपाच दिवसांत पिवळ्या पडून गळालेल्या कळ्यांसकट मातीत दिसू लागले. लाल चिंध्यांमागे काकड्या लांबत चालल्या, सरळ, भरलेल्या. सोसायटीत बातमी पसरली. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, कर्णिक हल्ली फुलांची लग्नं लावतात, आणि सगळे खोखो हसले. त्यानं त्या सगळ्यांच्या दातांकडे पाहिलं, कोणाच्याही दातांत बी अडकलेलं नव्हतं. त्यानं दिनानाथ सरांना पत्र लिहिलं, चौदा वर्षांत पहिलंच, आणि एक पेटी मागितली. पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरत होतं. 'पेटी देईन. पण तिकडची पावडर थांबली आहे का? आजूबाजूच्या सर्व वाड्यांतली? नसेल तर देणार नाही. माझ्या माश्या मरायला पाठवणार नाही. तू आता काय करतोस ते लिहिलं नाहीस.' रात्रीच्या जेवणावर त्यानं ते कार्ड अरुणाला दाखवलं. तिनं वाचलं आणि विचारलं, "मग? एवढं वाईट वाटतंय तर नोकरी सोड." तिच्याबद्दलची जुनी तुच्छता त्याच्या घशापर्यंत आली, हिला काय कळतंय, सोड म्हणे, आणि तिथेच अडकली. गेल्या महिनाभरात सरळ वाक्य बोललेली ती एकटीच होती.

मार्चच्या सुरुवातीला नंदकुमार साहेब शिरवण्यात आले. टॉनिकच्या बाटल्या मधल्या काळात वाटल्या गेल्या होत्या, दुसऱ्या एका ऑफिसरनं. गोटीरामलाही एक मिळाली होती. आणि बाजारात गोटीरामच्या काकड्या सगळ्यांत सरळ आहेत, ही खबर साहेबांपर्यंत गेली. त्यांनी जीप काढली, कापडी फलक काढला, फोटोग्राफर आणला आणि श्यामसुंदरला पुढच्या सीटवर बसवलं. "तू या गावात रोज जातोस म्हणे. डेडिकेशन! वर कळवलंय मी." सांगावं, इथेच, जीपमध्येच, असं श्यामसुंदरला तीन वेळा वाटलं आणि तिन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. वाडीच्या कडेला तीसचाळीस लोक जमले होते. फोटोग्राफरनं सुंदराबाईच्या एका हातात बाटली दिली आणि दुसऱ्या हातात काकडी. "हसा, मावशी." ती कॅमेऱ्याकडे बघून मोकळेपणी हसली, तिचा आयुष्यातला बहुधा पहिलाच फोटो असावा. खटका वाजला. मग साहेब लोकांकडे वळले. "ऐका, मंडळी. मावशींच्या तोंडूनच ऐका. सांगा मावशी, किती वेळा फवारलंत?" सुंदराबाईनं बाटली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "यो? याचा बूच पन नाय कारला." थोडी कुजबुज झाली. "मग काकडी?" साहेब अजून हसत होते. "काकरी आमी केली," ती म्हणाली, बाटली मातीत ठेवली आणि दोन बोटांनी हवेत दाखवलं, कशी केली ते. लोक हसू लागले. साहेबही हसले. "मावशी गमतीच्या आहेत. कर्णिक, तुम्ही समजावून सांगा यांना. तुम्हाला जमतं."

सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. त्याला वाटलं होतं, असा क्षण आला तर आपल्या आत काहीतरी उसळेल. उसळलं काही नाही. पायात कालच्या चिखलानं कडक झालेले बूट होते, गर्दीत गोटीराम विडी न पेटवता नुसती धरून उभा होता आणि याच्याकडे बघत होता. उत्तराची वाट बघणाऱ्या माणसासारखा नव्हे, नुसता. आणि श्यामसुंदरला भीती वाटली, की आपण आत्ता हसू. चेहऱ्याला ते ठाऊक होतं. गालांचे स्नायू आपोआप तयार झाले होते. त्यानं ते धरून ठेवले. "बाटली उघडलेली नाही, साहेब," तो म्हणाला. आवाज बारीक आला म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, लोकांना. "हे औषधाचं नाही. हातानं केलंय यांनी. माश्या नाहीत म्हणून. आणि माश्या आपल्या पावडरीनं मेल्या. फुलं उघडी असताना ती मारायची नसते. पत्रकात हे होतं. मराठी पत्रकातून ते मी काढलं." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय बोलतो त्यो?" आणि शेजारीण म्हणाली, "सकालचे पावडर मारू नका, बोलतो." एवढंच. पाच वर्षांचं एवढंच. नंदकुमार साहेबांनी घड्याळात पाहिलं. परत जाताना जीपमध्ये त्यांनी त्याला मागे बसायला सांगितलं आणि वाटेत ड्रायव्हरशी क्रिकेटबद्दल बोलत राहिले.

बदलीचा कागद आला तो अकोल्याच्या डेपोचा, कापसाच्या पट्ट्यातला. श्यामसुंदरनं तो अकरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. या अकरा दिवसांत तो वीर नव्हता. अकोल्यात क्वार्टर कसं असेल याची त्यानं चौकशीसुद्धा केली. बाराव्या दिवशी त्यानं राजीनामा दिला आणि घरी येऊन सांगितलं. अरुणा "बरं" म्हणाली. जूनपासून तो कोपरखैरण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागला. टॉनिकचं पोस्टर मे महिन्यातच छापून आलं होतं. पनवेलच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानात त्यानं ते पाहिलं: सुंदराबाई, एका हातात बाटली, एका हातात काकडी, मोकळं हसू. खाली लिहिलं होतं, अनुभव घ्या. त्यानं दुकानदाराला विचारलं, खपतं का. "जोरात," दुकानदार म्हणाला. त्याला वाटलं, आपण चिडायला हवं. पण त्या हसण्याकडे बघताना त्याला चिडता येईना. ते हसू कंपनीचं नव्हतं, बाटलीचंही नव्हतं.

पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, तो पहाटेच्या बसनं शिरवण्याला गेला. मार्चनंतर गेला नव्हता. काय तोंडानं जायचं, असं वाटत राहिलं होतं. वाडीच्या एका अंगाला मातीचा भराव येऊन ठेपला होता, डंपरच्या चाकांच्या खुणा ओल्या होत्या. अजून एक हंगाम, फार तर दोन. पण उरलेल्या तुकड्यात, आणि पलीकडच्या तुकड्यात, आणि त्याच्याही पलीकडे, बायका वाकलेल्या होत्या. दहाबारा तरी. कोणाच्या कमरेला सोललेल्या फुलांची परडी, कोणाच्या लुगड्याच्या ओच्यात. त्या वेलावरून वेलावर सरकत होत्या, मधूनच काहीतरी बोलत, हसत, आणि बोटं थांबत नव्हती. तो बांधावर उभा राहिला. सुंदराबाई अगदी जवळच होती, पाठमोरी. तिच्याबरोबर नवी सून होती, मीना, हातातला चुडा अजून हिरवा, आणि सासू तिला दाखवत होती: ह्यो नर, ही मादी, असा टेकवायचा, दाबायचा नाय. मीनानं एक केलं, दुसरं केलं. मग कंटाळून कंबर सरळ केली. "आमच्या उलव्याला असा नाय करत कोन," ती म्हणाली. "पयले कोन करायचा ह्यो काम?"

आता सुंदराबाई सांगेल, असं श्यामसुंदरला वाटलं. आता ती त्याचं नाव घेईल, जीप सांगेल, ते हसणं सांगेल. नाहीतर निदान एवढं तरी, की एक साहेब आला होता, त्यानं शिकवलं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. शिव्या चालल्या असत्या. तो ऐकायला तयार उभा होता.

"पयले?" सुंदराबाई म्हणाली, पुढच्या फुलावर वाकत. "पयले आपसूक व्हायचा."

मीनानं मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. हे तिला पुरलं होतं. थोड्या वेळानं सुंदराबाईचं लक्ष बांधाकडे गेलं. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं, आश्चर्य नाही, आगत नाही. "आलाव? मंग उबे कशाला?" ती म्हणाली आणि हनुवटीनं भरावाकडची शेवटची ओळ दाखवली. "ती कोनी केली नाय आजून. उन्हा चरतात."

त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओळीत शिरला.